चार भिंती, चार इयत्ता

सोमवार, ४ फेब्रुवारी

धाकटीस,

शाळेची किल्ली आणि तुझी तीन ओळींची चिठ्ठी एकाच पाकिटातून मिळाली. नऊ वर्षांत तुझ्या हातचे हे पहिलेच अक्षर. त्यावरून मी काय समजावे, हे तू लिहिलेले नाहीस. म्हणून मी काहीच समजून घेतलेले नाही, सांगितले तेवढे केले आहे. आज सकाळी साडेनऊला कुलूप उघडले.

परिस्थिती एकदा नीट मांडून ठेवतो, म्हणजे पुढे आपल्यात गैरसमजाला जागा उरणार नाही. तुझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला आणि विश्रांतीला मिळून पाच आठवडे लागणार. शाळेत तुझ्याखेरीज शिक्षक नाही. शाळा सलग पंधरा दिवस बंद राहिली, तर ती मोठ्या गावच्या शाळेत विलीन होते. आणि एकदा विलीन झालेली शाळा पुन्हा उघडल्याचे एकही उदाहरण माझ्या एकतीस वर्षांच्या तपासनिसीत मला आढळलेले नाही. मोठे गाव सात किलोमीटरवर आहे. तुझ्या अठरा मुलांपैकी पहिली-दुसरीची नऊ जण तिथवर चालत जाणार नाहीत, आणि त्यांना रोज नेऊन सोडण्याइतकी सवड इथे कोणाच्याही घरी नाही. म्हणजे ती नऊ घरी बसतील. बदली माणूस चालतो, पण त्याला नव्या अधिकारी बाईंची मंजुरी लागते. त्या महिन्याभरात येऊन जातील. मंजुरीच्या अटी मी वाचल्या आहेत. त्यांच्याविषयी पुढे केव्हातरी लिहीन.

मुलांचे जेवण रांधणाऱ्या मावशींनी मला फाटकातच अडवले. "तुम्हीच का ते, शेरा मारणारे भाऊ?" असे विचारले. मी होय म्हणालो. त्यावर बराच वेळ माझ्याकडे पाहून त्यांनी "चहात साखर किती?" असे ज्या स्वरात विचारले, त्या स्वरात मी आजवर फक्त खुलासे मागवले आहेत.

वर्गाची मांडणी मी नऊ वर्षांपूर्वी पाहिली होती, तशीच आहे. एकच खोली, चारही भिंती कमरेपासून वर काळ्या रंगवलेल्या, आणि चार इयत्ता चार भिंतींकडे तोंड करून बसलेल्या. मधोमध शिक्षकाने उभे राहायचे आणि अठरा पाठी पाहायच्या. मी मुलांना उठवून सर्वांना पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून ओळीने बसवले. एका वर्गाला एकच दिशा असावी, या मताचा मी होतो आणि आहे.

तू फोन उचलणार नाहीस हे ठाऊक आहे. शिवाय इथे पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या सोडल्या तर फोनला कुठे रेंजच येत नाही. तेव्हा ही पत्रे दुपारच्या गाडीचा कंडक्टर रुग्णालयाच्या फाटकावर पोचवील. त्याने स्वतःहून तसे कबूल केले. तो तुझा विद्यार्थी होता म्हणे.

— दादा


शनिवार, ९ फेब्रुवारी

धाकटीस,

कंडक्टरने तुझे उत्तर आणले. "मुलांना परत वळव. भिंती तुझ्यासाठी रंगवलेल्या नाहीत." शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी माणूस इतके मुद्देसूद लिहू शकतो, याचा मला आनंद वाटला. गुडघ्याविषयी एक शब्द लिहिला असतास तर अधिक वाटला असता.

तुझी सूचना मी मंगळवारी अमान्य केली, आणि शुक्रवारी अंमलात आणली. मधल्या तीन दिवसांचा वृत्तांत देणे भाग आहे.

तिसरीला मी पाढे विचारू लागलो की पहिली उत्तरे देई. बरोबर नव्हे, पण मोठ्याने. दुसरीचा एखादा मुलगा वाचताना अडखळला की चौथी हसे, आणि तो मुलगा पुढे वाचायचाच थांबे. एका इयत्तेशी बोलत असताना उरलेल्या तिन्ही माझ्याच तोंडाकडे पाहत बसत. त्यांना दुसरे करण्यासारखे काही नव्हते. बुधवारी मी चौथीला भागाकार समजावत असताना पहिलीतली दोन मुले चक्क झोपली. उठवायला गेलो, तर तिसरीतल्या चष्मेवालीने मला समजावले, "गुरुजी, झोपू द्या त्यांना. जागी असली की गडबड करतात." एकतीस वर्षांत मला कोणी इतका अचूक सल्ला दिलेला नाही.

शुक्रवारी सकाळी मी त्यांना नुसते म्हणालो, की बाई बसवायच्या तसे बसा. धाकटे, अर्धे मिनिट लागले नाही. जो तो आपापल्या भिंतीशी जाऊन खडू घेऊन उभा राहिला. त्यानंतर मला जे दिसले ते मी नऊ वर्षांपूर्वीही पाहिले होते, पण त्या वेळी मी दारात उभा होतो. आता मधोमध होतो. भिंतीकडे तोंड केलेल्या मुलाला दुसरी इयत्ता दिसत नाही, म्हणून ऐकूही कमी येते. त्याच्यापुढे त्याचे काम असते. मी ज्या भिंतीपाशी नसतो तिथेही हात चालू असतात. भिंत लिहून भरली की ओरड होते, "बाई, आमची भिंत भरली." मला बाई म्हणत आहोत हे त्यांच्या लक्षात येत नाही, आणि मीही दुरुस्त केलेले नाही. चौथीच्या भिंतीत दार असल्याने त्यांना फळा कमी पडतो. म्हणून त्यांची उदाहरणे तू दाराच्या फळीवरही घालतेस, हे मला दार लावल्यावर कळले.

एक गोष्ट मोजली. एका दिवसात या भिंतीकडून त्या भिंतीकडे मी किती वेळा वळतो, ते. दोनशे सत्तरपर्यंत मोजून सोडून दिले. डॉक्टरांनी तुझ्या गुडघेदुखीचे कारण वय असे सांगितले असेल. माझे मत वेगळे आहे.

— दादा


शुक्रवार, १५ फेब्रुवारी

धाकटीस,

कुबडीशिवाय चार पावले टाकलीस, हे कंडक्टरकडून कळले. तू स्वतः का कळवले नाहीस, हा प्रश्न मी विचारत नाही.

या आठवड्यात शाळा तीस तास चालली. त्यांपैकी मी शिकवले अकरा तास. उरलेल्या एकोणीस तासांचा हिशेब मी फळ्यावर लिहून पाहिला, तो असा निघाला, की पाण्याचा पंप दोनदा सुरू करून दिला, शौचालयाची किल्ली तेवीस वेळा दिली आणि एकदा हरवली, गावातल्या जनावरांची गणना केली (एका म्हशीच्या वयावरून मालक आणि त्याची बायको यांच्यात जुंपली, ते भांडण सोडवले), चौदा नोंदवह्या भरल्या, आणि रोज दुपारी वाढलेल्या ताटांचा फोटो काढून तो पाठवण्यासाठी टाकीच्या बावन्न पायऱ्या चढलो. फोटो पोचल्याची खूण आल्याशिवाय मुलांनी जेवायचे नाही असा नियम आहे. बुधवारी खूण यायला पाऊण तास लागला. खाली आलो तर अठराही मुले हात धुऊन ताटापुढे बसलेली, आणि मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "तुमच्या खात्याला मूल जेवलं का ते नको असतं," त्या म्हणाल्या, "फोटो जेवला का ते पाहिजे असतं." मी म्हणालो की खाते आता माझे राहिलेले नाही. त्या म्हणाल्या, "नोंदवह्या तर तुमच्याच वेळच्या आहेत." मी तपासून पाहिले. चौदांपैकी नऊ माझ्या वेळच्या आहेत. दोन माझ्याच सूचनेवरून सुरू झालेल्या.

गुरुवारपासून मुलांना आधी जेवायला बसवतो, आणि फोटोपुरते एकच ताट घेऊन मी टाकीवर जातो. त्यातले जेवण मीच तिथे जेवतो. नियमभंग आहे. नोंद केलेली नाही.

अटींविषयी लिहीन असे पहिल्या पत्रात म्हणालो होतो. टाळत होतो, हे तुला तेव्हाच कळले असेल. बदली व्यक्ती कार्यरत किंवा निवृत्त शिक्षक असावी, अशी अट आहे. मी पदवी घेतली ती तर्कशास्त्राची, आणि परीक्षा देऊन थेट तपासनीस झालो. दुसऱ्यांचे वर्ग मी सहा हजारांच्या वर पाहिले असतील. स्वतःचा एकही घेतलेला नव्हता. म्हणजे मी अटीत बसत नाही. तू हे जाणतेस, तरी मलाच बोलावलेस. दुसरे कोणी येणार नव्हते, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

आणखी एक. ही अट ज्या परिपत्रकात आहे, त्याचा मसुदा माझा आहे. निवृत्त होण्याच्या वर्षी लिहिलेला. शाळांवर कोणीही सोम्यागोम्या पाठवला जाऊ नये, म्हणून.

— दादा


शुक्रवार, २२ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझी चिठ्ठी मिळाली. "अटीचं मला माहीत होतं. तू आत गेल्यावर बाहेर निघत नाहीस, तेही माहीत आहे. पहिलीतल्या बोलकीला जोडाक्षरं दे, ती कंटाळली की इतरांना चिमटे काढते." बोलकीला सोमवारपासून जोडाक्षरे दिली आहेत. चिमटे थांबले. आता ती मला शिकवते.

आज मला दुसऱ्या एका गोष्टीविषयी लिहायचे आहे. ती मी युक्तिवादाच्या रीतीनेच लिहीन, कारण दुसऱ्या रीतीने लिहिण्याची मला सवय नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी तुझ्या शाळेच्या भेटवहीत लिहिले होते: "विद्यार्थी शिक्षिकेकडे पाठ फिरवून बसतात. वर्गावर नियंत्रण नाही." पहिले वाक्य खरे होते. दुसरे त्यातून निघत नाही. पाठ फिरवणे आणि नियंत्रण नसणे यांचा संबंध मी दाखवला नव्हता. तो मला दाखवता आला नसता, कारण तो नाहीच. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही असली चूक माफ करत नाहीत.

पण चूक अनुमानाची होती असे म्हणून मला सुटता येणार नाही. नातेवाइकाची शाळा तपासणीला आली, तर ती दुसऱ्या तपासनिसाकडे द्यावी असा नियम होता. मी दिली नाही. सकाळी घरून निघतानाच मनाशी ठरवले होते की, आज संध्याकाळी खात्यात कोणी म्हणता कामा नये, याने बहिणीला सांभाळून घेतले. म्हणजे निष्कर्ष आधी ठरला होता आणि पुरावा मागाहून गोळा झाला. मी तुझी शाळा तपासायला आलोच नव्हतो. मी माझा निःपक्षपातीपणा लोकांना दाखवायला आलो होतो, आणि तुझ्या अठरा-वीस मुलांच्या पाठी त्यासाठी वापरल्या.

त्या शेऱ्यामुळे तुझी घराजवळची बदली नाकारली गेली. आई माझ्या घरी अकरा महिने अंथरुणाला खिळून होती. तू दर शनिवारी शाळा सुटल्यावर पाच तासांचा प्रवास करून यायचीस आणि रविवारी रात्री परत निघायचीस. आई बुधवारी गेली. तू पोचलीस तेव्हा सगळे आटोपले होते. दारातच मी तुला म्हणालो, "एक दिवस शाळा बंद ठेवली असती तर काय बिघडलं असतं?" तू उत्तर दिले नाहीस. माझ्या त्या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते मला इथे दररोज सकाळी साडेनऊला मिळते.

शेरा चुकीच्या अनुमानावर आधारलेला होता आणि तो रद्द धरावा, असे पत्र मी खात्याला पाठवले आहे. सोबत प्रत आहे. हवी तर ठेव, नको असेल तर फाडून टाक. क्षमा मागण्याची भाषा मला नीट जमत नाही. ती मागितली आहे असे समजावेस, ही विनंती.

— दादा


शुक्रवार, १ मार्च

धाकटीस,

काल अधिकारी बाई येऊन गेल्या. क्रमाने सांगतो.

मोटार फाटकात थांबली तेव्हा माझ्या हातात शौचालयाची किल्ली होती आणि सदऱ्यावर खडू. बाई तिशीच्या आतल्या असतील. आल्या त्या दारात थांबल्या नाहीत, थेट मधोमध येऊन उभ्या राहिल्या. इथेच मला थोडा धीर आला. मग त्यांनी माझे कागद पाहिले, पुन्हा पाहिले, आणि हळूच म्हणाल्या, "सर, तुम्ही तर तपासनीस होता. शिकवल्याचा दाखला कुठे आहे?"

मी म्हणालो की नाही, कारण शिकवलेले नाही.

"अट वाचलीत ना?"

"वाचली. मसुदा माझाच आहे."

त्यांना हसू आले, ते त्यांनी आवरले. मग म्हणाल्या की त्यांचा नाइलाज आहे; मंजुरी नाही दिली, तर आजपर्यंतचे साडेतीन आठवडे शाळा बंद होती असे धरले जाईल. तसे धरले, तर पंधरा दिवस केव्हाच उलटून गेलेले. मुद्दा बिनतोड होता. मी असतो तर हेच म्हणालो असतो. मावशी पदराला हात पुसत दारात आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की, एरवी तर बोलायचे थांबत नाही, आजच काय झाले.

तेवढ्यात दुसरीची ओरड झाली, "बाई, आमची भिंत भरली." अधिकारी बाई चमकून वळल्या. त्यांना वाटले, आपल्यालाच बोलावताहेत. मी क्षमा मागून भिंतीशी गेलो. तिथून पहिलीने बोलावले, मग चौथीने. माझ्या लक्षात आले तेव्हा वीस मिनिटे उलटली होती, आणि बाई पहिलीच्या भिंतीशी जमिनीवर बसल्या होत्या. बोलकी त्यांना जोडाक्षरे शिकवत होती.

त्यांनी बसल्या बसल्याच विचारले, "सर, या पाच जणांबद्दल सांगा बघू. हजेरी न पाहता."

मी सांगितले. बोलकी पुढे गेली आहे, तिला दुसरीच्या भिंतीवर न्यायचे आहे, पण ती मैत्रिणीला सोडून जायला तयार नाही. मैत्रीण वाचते, लिहीत नाही, कारण ती डावरी आहे आणि घरी तिला उजव्या हाताने लिहायला लावतात. मी तिच्या वडिलांशी दोनदा बोललो आहे, तिसऱ्यांदा बोलणार आहे. एक मुलगा नऊपर्यंत मोजतो आणि मग मला खूश करण्यासाठी कोणताही आकडा सांगतो. एकाला नीट दिसत नाही असा माझा संशय आहे, तो भिंतीला नाक लावून लिहितो. पाचवा झोपतो, कारण त्याच्या घरी तान्हे बाळ आहे; त्याला मी मधल्या सुट्टीनंतर शिकवतो.

बाईंनी पिशवीतून माझे परिपत्रक काढले आणि शेवटपर्यंत वाचले. "सर," त्या म्हणाल्या, "शिक्षक कोणाला म्हणायचं, ते यात कुठेच लिहिलेलं नाही. तुमच्याकडून राहून गेलंय."

मी कागद हातात घेऊन पाहिला. खरेच राहून गेले होते. ज्या शब्दावर सगळी अट उभी होती, त्याचीच व्याख्या केलेली नव्हती. माझ्या हातून एवढा ढोबळ दोष कधी राहिलेला नाही. मी म्हणालो, "ही चूक माझी आहे."

"बरी केलीत," बाई म्हणाल्या आणि सही करून टाकली. जाताना मला म्हणाल्या की डोळे तपासून चष्मे देणारी गाडी पुढच्या महिन्यात इकडे पाठवते. मावशींनी त्यांना चहा दिला. साखर किती, ते या वेळी सौम्य स्वरात विचारले.

मंजुरीची प्रत सोबत आहे. शाळा उघडी आहे.

— दादा


शनिवार, ९ मार्च

धाकटीस,

खात्याला पाठवलेल्या पत्राची प्रत तू फाडली नाहीस, आणि तिच्याविषयी काही लिहिलेही नाहीस. एवढेच विचारलेस: "आई शेवटी काय बोलली? तू मला कधी सांगितलं नाहीस."

सांगितले नाही, हे खरे. बुधवारी सकाळी ती शुद्धीवर होती. तिने मला वार विचारला. मी बुधवार म्हटले. ती म्हणाली, "मग ती आता वर्गात असेल. बोलावू नको." आणि तिच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसले, ते मी त्या वेळी गुंगी समजलो. मी तरी तुला निरोप पाठवलाच; आणि तुला यायला उशीर झाला म्हणून दारात तुला बोललो. आईचे ते वाक्य माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात होते. म्हणून नऊ वर्षे दाबून ठेवले. विरुद्ध जाणारा पुरावा लपवणाऱ्यांना मी आयुष्यभर नावे ठेवली आहेत.

आता पुढचे. डॉक्टरांनी तुला आणखी तीन महिने उभे राहण्याची मनाई केली आहे, असे कंडक्टर सांगतो. (तो रुग्णालयात आत जाऊन डॉक्टरांशी बोलला. मी त्याला सांगितले नव्हते.) तेव्हा परीक्षांपर्यंत मी इथेच राहतो. अधिकारी बाईंना विचारले, त्यांची हरकत नाही. खोलीच्या मधोमध मावशींनी तुझ्यासाठी खुर्ची ठेवली आहे. गावच्या शिंप्याने तिला गादी शिवून दिली. तू बसून सांगायचेस, मी फिरायचे. मुख्याध्यापिका तू, मी मदतनीस. रजा लागली तर मी तुझ्याकडे अर्ज करीन, आणि तू तो कारण न विचारता मंजूर करणार नाहीस, याची मला खात्री आहे. नोंदवह्या माझ्याकडे असतील. त्यांतल्या दोन बंद करण्याविषयी मी खात्याला लिहिले आहे. चष्मेवालीला अपूर्णांक आले. बोलकी शेवटी दुसरीच्या भिंतीवर गेली, मैत्रिणीला बरोबर घेऊनच. मैत्रीण आता डाव्या हाताने लिहिते.

मी इथे आनंदात आहे. असे वाक्य मी याआधी कोणत्याही पत्रात लिहिले असल्याचे आठवत नाही.

तुझी गाडी सोमवारी अकराला थांब्यावर येईल. हात धरून उतरवून घ्यायला मावशी येतील, कंडक्टर सामान उतरवील. मी येणार नाही. अकराला पहिलीची भिंत भरते.

— दादा